ग्लेझ गोड, मांस खारट: ख्रिसमसच्या हॅमसाठी वाइन निवडताना

"हॅम आम्ही घेऊन येतो, वाइनचं तुम्ही बघा," असं आमच्या विहीणबाईंनी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात फोनवर सांगून टाकलं आणि ख्रिसमसच्या जेवणातली माझी जबाबदारी ठरली. लेकीचं सासर केंटकीचं. व्याही-विहीणबाई गाडीनं आमच्याकडे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला येणार, लेक-जावई येणार, न्यू जर्सीहून दीर-जाऊबाई आणि त्यांची दोन मोठी मुलं येणार, म्हणजे एकूण दहा पानं. दीर दारूला शिवत नाहीत. जाऊबाई पूर्ण शाकाहारी, पण वाइन आवडीनं घेतात. व्याह्यांना रेडच लागते, विहीणबाईंना गोडसर व्हाइट. या सगळ्यांना चालेल आणि हॅमलाही शोभेल असं काहीतरी निवडायचं होतं.

मला हे काम मनापासून हवं होतं. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, अवकाळी पावसाच्या धास्तीनं जागून काढलेल्या रात्री, हे सगळं बघत मी वाढले. आमची द्राक्षं खायची होती, थॉमसन सीडलेसची. वाइनच्या द्राक्षांची लागवड नाशिकभागात जोर धरू लागली तोवर माझं लग्न होऊन मी इकडे आले होते. आणि इकडे आले ती नेमकी दुसऱ्या द्राक्षांच्या मुलखाशेजारी. रॉचेस्टरहून तासाभरावर फिंगर लेक्सचा प्रदेश आहे, आणि तिथली रीझलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, साऱ्या अमेरिकेत नावाजलेली आहे. तरी मी आधीच काही ठरवून टाकलं नाही. प्रत्येक बाटली हॅमच्या तुकड्याबरोबर चाखायची आणि मगच घ्यायची, एवढं मात्र ठरवलं.

मी विहीणबाईंना उलट फोन करून पहिलं विचारलं ते हे, की हॅम कोणता आणणार? अमेरिकेत हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचं मुरवलेलं मांस, पण त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक 'सिटी हॅम'. हा मिठाच्या पाण्यात मुरवतात, म्हणजे बहुतेक वेळा ते पाणी सुयांनी मांसात भरतात, मग धुरी देतात आणि शिजवूनच विकतात. घरी फक्त गरम करायचा. सणाला जो गोल गोल कापलेला, चकाकणारा हॅम दिसतो तो हाच. तसा सलग चक्राकार काप घेणारं यंत्र हॅरी होन्सेलार या माणसानं काढलं आणि १९५७ साली डेट्रॉइटमध्ये 'हनीबेक्ड हॅम'चं दुकान सुरू केलं. दुसरा 'कंट्री हॅम'. तो नुसत्या मिठात, क्वचित साखर घालून, कोरडा मुरवतात आणि कित्येक महिने टांगून ठेवतात. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना हा त्याचा मुलूख. तो इतका खारट असतो की अख्खा शिजवायचा तर आधी भिजत घालावा लागतो, आणि वाढतात तो पातळ कापून, मऊ, छोट्या पावासारख्या अमेरिकी बिस्किटात घालून.

विहीणबाई म्हणाल्या, "दोन्ही." जेवणाला ग्लेझ, म्हणजे गोड चकाकता लेप, लावलेला सिटी हॅम आणि त्याआधी तोंडात टाकायला कंट्री हॅमची छोटी बिस्किटं. कंट्री हॅमशिवाय त्यांचा ख्रिसमस होत नाही. केंटकीच्या स्टेट फेअरमध्ये दर वर्षी पहिला आलेला हॅम धर्मादाय कामासाठी लिलावात निघतो आणि त्याच्यावर लाखो डॉलर्सची बोली लागते, हे त्यांनी मला पूर्वीही अभिमानानं सांगितलं होतं. मग मी ग्लेझची कृती मागून घेतली. ब्राउन शुगर एक कप, डिजॉन मोहरी, थोडं ॲपल सायडर व्हिनेगर, लवंगपूड.

ही कृती हातात आली तेव्हा काम खरं सुरू झालं. कारण हॅमबरोबरची वाइन मांसापेक्षा ग्लेझ ठरवतो. मांस खारट असतं, आणि मिठाचं वाइनशी छान जमतं. खारट घासानंतर वाइनची आंबट धार कमी होते, कडवटपणा मागे पडतो, फळाची चव पुढे येते. गोडाचं नेमकं उलटं. श्रीखंडाचा चमचा तोंडात टाकून लगेच चहाचा घोट घेतला तर नेहमीचा चहा अगोड लागतो, तसं गोड ग्लेझनंतर कोरडी (ड्राय), म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन रोडावलेली, जास्त आंबट आणि जास्त कडू लागते. म्हणजे एकाच घासात मीठ वाइनला हात देतं आणि साखर तिला खाली ओढते. साखर जास्त असेल तर साखरच जिंकते. आमच्या ग्लेझमध्ये एक कप होती.

हे मला पुस्तकी ठेवायचं नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी हॅम स्टेक आणला. हॅमची हाडासकट आडवी कापलेली जाड चकती कुठल्याही ग्रोसरीत मिळते आणि प्रयोगाला अगदी सोयीची पडते. अख्खा हॅम विकत घ्यायची गरज नाही. बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी परतला, वर विहीणबाईंचा ग्लेझ ओतला. साखर फसफसून तपकिरी झाली, लवंगेचा आणि मोहरीचा वास घरभर पसरला, कडेला जरासा करपला, आणि तो करपलेला भागही मला हवाच होता, कारण खऱ्या हॅमवरही तो येतो. बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. चार ग्लास मांडले. नवऱ्याच्या आवडीची नापाची कॅबरने सोव्हिन्यॉन ही रेड, ओकच्या पिंपात ठेवलेली कॅलिफोर्नियाची शार्डने ही व्हाइट, फिंगर लेक्सची एक ड्राय रीझलिंग आणि एक गोडसर रीझलिंग.

आधी सगळ्या नुसत्याच चाखल्या. कॅबरने सुंदर होती, भरदार, काळ्या बेरीच्या चवीची. मग हॅमचा तुकडा आणि परत घोट. नवऱ्याचा चेहरा मी बघत होते. तो काही बोलला नाही, ग्लास खाली ठेवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ही तीच बाटली आहे ना?" फळाची चव जणू पुसून गेली होती आणि हिरड्यांवर नुसता तुरटपणा उरला होता. मुरवलेल्या मांसात साखरेखेरीज आणखी एक गोष्ट असते, जीभ भरून टाकणारी ती गाढ चव, जिला जपानी लोक उमामी म्हणतात. तीही वाइनचा तुरटपणा वाढवते. ग्लेझ आणि उमामी दोन्हीकडून आल्यावर तुरट रेडचं काही चालत नाही. शार्डनेची गत जरा बरी, पण ओकचा लाकडी, व्हॅनिलासारखा वास हॅमच्या धुराशी भांडत होता, आणि शेवटी तोंडात कडवट चव राहिली. ड्राय रीझलिंगनं मला विचारात पाडलं. मधल्या, ग्लेझ न लागलेल्या मांसाबरोबर ती अप्रतिम होती. वरच्या करपलेल्या गोड कडेबरोबर मात्र लिंबू पिळल्यासारखी आंबट.

चौथ्या ग्लासाशी सगळं जुळलं. घास गोड, वाइनही तेवढीच गोड, त्यामुळे दोघींची गोडी एकमेकींत मिटली आणि वाइनमधला सफरचंद-पीचचा स्वाद मोकळा झाला. आणि रीझलिंग मुळात भरपूर आंबट असल्यामुळे तोंड चिकट झालं नाही. मांसाची चरबी, साखर, धूर सगळं धुऊन निघालं आणि पुढचा तुकडा घ्यावासा वाटला. वाइन निदान घासाइतकी गोड हवी, आंबटपणा भक्कम हवा, तुरटपणा जवळजवळ नको, दारूचं प्रमाण बेताचं हवं, हे त्या एका दुपारी माझ्या जिभेला पटलं. नवऱ्यानं कॅबरने कॉर्क लावून ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या मटणाबरोबर ती छान लागली.

आता प्रश्न होता गोडसर म्हणजे किती गोडसर? रीझलिंग एकाच द्राक्षाची असूनही ठणठणीत कोरडीपासून मधासारख्या गोडपर्यंत काहीही असू शकते, म्हणून कित्येक लोक तिला हात लावायला बिचकतात. इथे फिंगर लेक्सच्या बाटल्यांची एक सोय आहे. बऱ्याच बाटल्यांच्या मागच्या लेबलवर एक आडवी पट्टी छापलेली असते, ड्राय, मीडियम ड्राय, मीडियम स्वीट, स्वीट, आणि बाटली कुठे बसते तिथे खूण असते. ही पट्टी आंतरराष्ट्रीय रीझलिंग फाउंडेशननं आखून दिलेली आहे. मला तिच्यामागचा हिशोब आवडतो, कारण तो नुसती साखर मोजत नाही, साखर आणि आम्ल यांचं गुणोत्तर बघतो. साखर आम्लापेक्षा कमी असेल तर ड्राय, दुपटीपर्यंत मीडियम ड्राय, चौपटीपर्यंत मीडियम स्वीट, त्यापुढे स्वीट, आणि मग पीएच या आम्लतेच्या मापाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. समजा लिटरला ३० ग्रॅम साखर आहे आणि १० ग्रॅम आम्ल, तर गुणोत्तर तीन, म्हणजे मीडियम स्वीट. तेवढ्याच साखरेत आम्ल ६ ग्रॅमच असेल तर तीच साखर जिभेला कितीतरी जास्त जाणवते.

पट्टी नसेल तर लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघायचा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. ते काम मध्येच थांबवलं तर साखर मागे राहते आणि अल्कोहोल कमी भरतं. त्यामुळे आठ-नऊ टक्क्यांची रीझलिंग बहुधा गोड, साडेबाराची बहुधा कोरडी. जर्मन बाटलीवर 'ट्रॉकेन' दिसलं तर ती कोरडी. 'काबिनेट' आणि 'श्पेटलेझ' हे शब्द खुडताना द्राक्षात किती साखर होती ते सांगतात. वाइन गोड की कोरडी ते त्यावरून पक्कं कळत नाही, पण जर्मनीतल्या मोझेल भागाची साधी काबिनेट, पुढे ट्रॉकेन नसलेली, बहुतेक वेळा हलकी गोडच निघते.

एवढं कळल्यावर आम्ही पुढच्या शनिवारी फिंगर लेक्समधल्या सेनेका तळ्याकडे निघालो. जिनिव्हा गावावरून १४ नंबरचा रस्ता तळ्याच्या पश्चिम काठानं खाली वॉटकिन्स ग्लेनपर्यंत जातो आणि वाटेत एकामागून एक वायनरी लागतात. उन्हाळ्यात तिथे बसेस भरून माणसं येतात, डिसेंबरात मात्र काउंटरमागच्या माणसाला बोलायला वेळ असतो. माझ्या मते वाइनबद्दल काही शिकायचं असेल तर जावं ते याच दिवसांत. उतारावर वेली उघड्या पडलेल्या, आणि प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी मातीचा ढीग. थंडीत कलमाचा सांधा फुटू नये म्हणून हिवाळ्याआधी ही माती चढवतात आणि वसंतात परत ओढून काढतात. आमच्याकडे वेलीला थंडीपासून वाचवायचं तर भल्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्या मातीच्या ढिगांच्या रांगा बघत मी बराच वेळ गाडीबाहेर उभी राहिले.

इथे युरोपातली द्राक्षं जगतात याचं श्रेय त्या तळ्याला. सेनेका १८८ मीटर खोल आहे. एवढं पाणी उन्हाळाभर ऊब साठवतं आणि हिवाळ्यात ती काठाला देत राहतं, आणि वसंतात ते थंड राहिल्यामुळे कोंब उशिरा फुटतात, तोवर दहिवराचा धोका टळतो. तरी बरीच वर्षं इथल्या लोकांना ही द्राक्षं टिकणार नाहीत असंच वाटायचं आणि अमेरिकी देशी जातींवरच भर होता. युक्रेनमधून आलेले डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी हे खोटं ठरवलं. कडाक्याच्या थंडीतल्या वेलींचा अनुभव त्यांच्यापाशी होता. योग्य खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या जातीवर, कलम केलं तर रीझलिंग इथे तगेल असं ते सांगत राहिले आणि १९६२ साली क्युका तळ्याकाठी त्यांनी स्वतःची वायनरी काढली. पुढे मोझेलमधल्या बेर्नकास्टेलचे हर्मन वीमर आले, त्यांनी १९७९ साली सेनेकाकाठी आपली वायनरी सुरू केली. माझ्यासारख्या बागायतदाराच्या मुलीला या दोन माणसांबद्दल फार आदर वाटतो. खुंट कोणता निवडायचा, यावर बागेची पुढची सगळी वर्षं अवलंबून असतात हे मी घरात ऐकलेलं आहे.

मी डब्यात ग्लेझ लावलेल्या हॅमचे तुकडे घेऊन गेले होते. टेस्टिंग रूममध्ये आधी विचारलं, बाहेरचं खाणं चालेल का. काउंटरमागच्या बाई म्हणाल्या, चालेल, पण एक तुकडा मलाही द्या. मग त्यांनी त्याच वर्षाच्या तीन रीझलिंग ओळीनं ओतल्या आणि आम्ही दोघी घास-घोट, घास-घोट करत बसलो. मीडियम ड्राय चांगली होती, पण करपलेल्या गोड कडेशी जरा कमी पडत होती. स्वीट जास्त झाली, जेवणाच्या सुरुवातीलाच शेवट आल्यासारखी. मीडियम स्वीटवर दोघींचं एकमत. त्यांनी एक फार उपयोगी गोष्ट सांगितली, की ग्लेझमध्ये मोहरी आणि व्हिनेगर वाढवलंत तर मीडियम ड्रायसुद्धा चालेल, आणि विहीणबाईंचा हात साखरेवर सैल असेल तर मीडियम स्वीटच घ्या. मी विहीणबाईंना ओळखते. मीडियम स्वीटच्या तीन बाटल्या घेतल्या, बाटलीला वीसच्या आसपास डॉलर पडले.

राहिली व्याह्यांची रेड. न्यूयॉर्क राज्यात ग्रोसरीत बियर मिळते पण वाइन मिळत नाही, त्यासाठी वेगळं लिकर स्टोअर गाठावं लागतं. एका अर्थानं हे बरंच आहे, कारण चांगल्या दुकानात माहितगार माणूस भेटतो. आमच्या दुकानातल्या मुलानं आधी झिनफांडेल सुचवली. अमेरिकी सण, अमेरिकी द्राक्ष, पिकलेल्या फळाची गोड झाक, म्हणून पुष्कळ लोक हॅमबरोबर तीच घेतात. मला ती पटत नाही. बऱ्याच झिनफांडेलमध्ये अल्कोहोल साडेचौदा-पंधरा टक्क्यांवर असतं, आणि आमच्या टेबलावर हॅमच्या शेजारी भरली वांगी आणि मसालेभातही असणार होता. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. मी त्याला कमी तुरट, आंबटसर, हलकी रेड मागितली. त्याचा चेहरा उजळला आणि तो मला फ्रान्समधल्या बोजोले भागाच्या वाइनींच्या फडताळाशी घेऊन गेला.

बोजोलेची रेड गामे नावाच्या द्राक्षाची. साल पातळ, तुरटपणा कमी, आणि तिथे बहुतेकदा द्राक्षं न चिरडता घोसांसकट टाकीत भरतात, आंबण्याची सुरुवात दाण्याच्या आतच होते. त्यामुळे रंग आणि फळाचा वास भरपूर येतो, पण सालीतला तुरट अंश फारसा उतरत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ताजी बोजोले नूवो सगळ्यांना माहीत असते, पण मला त्याहून भक्कम काहीतरी हवं होतं. बोजोलेच्या उत्तरेकडच्या दहा गावां-टेकड्यांच्या वाइनी स्वतःच्या नावानं विकल्या जातात, फ्लरी, मोर्गाँ, जुलिएना वगैरे, आणि कित्येकदा लेबलवर बोजोले हा शब्दही ठळक नसतो, म्हणून नावं लक्षात ठेवलेली बरी. मी एक फ्लरी घरी नेऊन चाखली. ग्लेझशी तिची रीझलिंगइतकी गट्टी नाही, पण भांडणही नाही. चेरीचा स्वाद लवंगेशेजारी फार गोड वाटला. व्याह्यांसाठी दोन बाटल्या नक्की केल्या.

कंट्री हॅमचा प्रश्न वेगळा. त्यावर ग्लेझ नाही, साखर जवळपास नाहीच. आहे ते मीठ, चरबी आणि महिनोन्‌महिने मुरल्यामुळे आलेली दाट चव. तिथे गोडसर वाइनची गरज नाही, पण तुरटपणा इथेही नको. अशा वेळी ज्या मुलखात असाच हॅम होतो तिथले लोक काय पितात ते बघावं. इटलीत पार्माचा प्रोशुत्तो होतो तो एमिलिया-रोमान्यात, आणि तिथली घरोघरची वाइन म्हणजे लांब्रुस्को, फेसाळणारी रेड. अमेरिकेत तिची ओळख बरीच वर्षं स्वस्त गोड वाइन अशीच होती, पण कोरडी लांब्रुस्को ही वेगळीच चीज आहे. लेबलवर 'सेक्को' असेल तर कोरडी, 'आमाबिले' किंवा 'दोल्चे' असेल तर गोड. मी 'लांब्रुस्को दी सोर्बारा' घेतली, फिकट गुलाबी-लाल, खणखणीत आंबट. कंट्री हॅम हाताशी नव्हता म्हणून प्रोशुत्तोच्या कापाबरोबर चाखून बघितली. बुडबुड्यांनी चरबी साफ खरवडून काढली. एक बाटली पुरेशी होती, कारण ती फक्त सुरुवातीच्या बिस्किटांपुरती.

हिशोब सोपा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. नऊ पिणारी माणसं, प्रत्येकी तीनेक ग्लास, म्हणजे सहा बाटल्यांत भागतं. दिरांसाठी आणि ज्याला गाडी चालवायची त्याच्यासाठी फसफसणारा सफरचंदाचा सायडर, बिनदारूचा. तोही आंबटगोड असल्यामुळे हॅमशी छान जातो, त्यामुळे दिरांच्या ग्लासात काही कमी आहे असं वाटायचं कारण नव्हतं. सगळी खरेदी आठवडाभर आधीच आटोपली, कारण नाताळच्या दिवशी लिकर स्टोअर बंद असतं.

थंडाव्याकडे मी वाइनइतकंच लक्ष दिलं. गोडसर रीझलिंग कोमट झाली की नुसती साखर जाणवते, आणि फ्रीजमधून थेट काढली तर वासच येत नाही. जेवणाआधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवली की बरोबर होते. फ्लरी उलट अर्धा तास फ्रीजमध्ये. रेड म्हणजे खोलीच्या तापमानाला, असं म्हणतात, पण हीटर लावलेल्या आमच्या घरात ती फार गरम होते आणि अल्कोहोल नाकात जातं. लांब्रुस्को चांगली गार.

ख्रिसमसच्या सकाळी विहीणबाईंनी आठ पौंडांचा हॅम कापलेली बाजू खाली करून, वर फॉइल घट्ट बसवून ३२५ डिग्री फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये घातला. शिजलेला असल्यामुळे तो आतून १४० डिग्रीला आला की पुरे, जास्त ठेवला तर सुकतो. दोनेक तास लागले. शेवटच्या वीस मिनिटांत फॉइल काढून ग्लेझ लावला, आणि साखर कपाच्या वर गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. तोवर पलीकडे त्यांची बिस्किटं तयार झाली होती. कंट्री हॅमचा पातळ काप, त्यावर लोण्याचा हात. लांब्रुस्को ओतली तेव्हा व्याही जरा साशंक होते. फेसाळणारी रेड त्यांनी पाहिली नव्हती. एक बिस्किट, एक घोट, आणि त्यांनी बाटली उचलून लेबल वाचायला घेतलं. "हिला आमच्याकडे न्यायला हवी," म्हणाले. ती बाटली जेवणाआधीच संपली.

जेवताना सगळ्यात जास्त गेली ती मीडियम स्वीट रीझलिंग. विहीणबाईंना ती आवडणार हे अपेक्षितच होतं, पण व्याह्यांनीही फ्लरीचा एक ग्लास संपवून तिच्याकडे मोर्चा वळवला. जाऊबाईंच्या ताटात हॅम नव्हताच. भरली वांगी, मसालेभात, कोशिंबीर, आणि विहीणबाईंचे साय घालून भाजलेले बटाटे. दाण्याकुटाच्या, गोडा मसाल्याच्या वांग्यांबरोबर तीच रीझलिंग त्या पुन्हा पुन्हा घेत होत्या. वांग्यात गूळ असतो, चिंच असते, तिखट असतं, म्हणजे ग्लेझचाच सगळा मामला, फक्त मांस नाही. वाइनमधली साखर तिखट शांत करते आणि अल्कोहोल कमी म्हणून आग भडकत नाही. एकाच बाटलीनं टेबलाची दोन्ही टोकं सांभाळली, आणि याचा मला हॅमपेक्षाही जास्त आनंद झाला. पुढच्या वेळी रीझलिंग एक बाटली जास्त घेईन आणि फ्लरी एकच.

दुसऱ्या दिवशी गार हॅमची सँडविचं झाली, मोहरी जरा जास्त लावून. उरलेली फ्लरी त्यांच्याबरोबर आदल्या रात्रीपेक्षा छान लागली, कारण गार कापात ग्लेझचा भाग थोडा आणि मांसाचा जास्त होता. हाड विहीणबाईंनी वाटाण्याच्या डाळीच्या सुपात घातलं. ईस्टरचं जेवण त्यांच्याकडे आहे आणि तेव्हा हॅमवर अननसाच्या चकत्या आणि चेरी लावतात म्हणे, म्हणजे गोडी आणखी वाढणार. त्यासाठी माझ्या मनात मोझेलची श्पेटलेझ आहे, आणि तिच्या जोडीला फ्रान्समधल्या आल्सासची गेवुर्झट्रामिनर ही व्हाइट, लिचीच्या आणि गुलाबाच्या वासाची. तिच्यात आंबटपणा कमी असतो, त्यामुळे एवढ्या साखरेपुढे ती तगेल का याची मला खात्री वाटत नाही. मार्चमध्ये हॅम स्टेक आणून, वर अननस भाजून, दोन्ही शेजारी शेजारी चाखून बघणार आहे.